सेरँचा सिनेमा की कानचा? बेल्जियमच्या पुरस्कारांवरून

पायवाट

गेल्या रविवारी आम्ही चौघांनी बेल्जियमच्या दार्देन बंधूंचा ‘रोझेटा’ हा चित्रपट पुन्हा लावला. त्यातली नायिका एमिली दकेन १६ मार्च २०२५ला गेली, अवघ्या ४३व्या वर्षी, कर्करोगाने. तेव्हापासून तो पुन्हा बघायचं मनात होतं, पण धीर होत नव्हता. चित्रपट संपल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एक मित्र म्हणाला, "चित्रपट थोरच आहे, पण बेल्जियमला एवढे पुरस्कार मिळतात त्याचं कारण वेगळं. पॅरिस हाकेच्या अंतरावर, भाषा फ्रेंच, आणि फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या परीक्षकांना दुसऱ्याची गरिबी बघायला आवडते." त्यावरून रात्री दीडपर्यंत वाजत राहिलं. तिथे मिटलं नाही म्हणून इथे मांडतो.

माझं म्हणणं अगदी उलट आहे. लिएज शहराला लागून, म्यूज नदीच्या काठी सेरँ नावाचं गाव आहे. १८१७ साली जॉन कॉकरिलने तिथे लोखंडाचा कारखाना काढला आणि पुढची दीडशे वर्षं त्या खोऱ्याचं आयुष्य कोळसा आणि पोलाद यांवरच चाललं. सत्तरच्या दशकापासून भट्ट्या थंडावायला लागल्या. २०११मध्ये आर्सेलर-मित्तलने लिएज परिसरातल्या उरलेल्या भट्ट्याही कायमच्या बंद करायची घोषणा केली. ज्याँ-पिएर आणि ल्युक दार्देन हे भाऊ याच भागात वाढले. तरुणपणी व्हिडिओ कॅमेरा घेऊन ते कामगार वस्त्यांत फिरले, तिथल्या लढ्यांवर माहितीपट केले. १९९२मध्ये त्यांनी सेरँच्याच एका पोलाद कामगारावर कथापट काढला. युनिट मोठं, मांडणी नेहमीची. तो पडला, आणि त्यांचं स्वतःचंही त्याने समाधान झालं नाही.

असा फटका बसला की माणूस मोठ्या शहराची वाट धरतो. हे दोघे गाव सोडून गेले नाहीत. छोटं युनिट, नवखे किंवा रंगभूमीवरचे नट, खांद्यावरचा कॅमेरा, पार्श्वसंगीत नाही, चित्रीकरण कथेच्या क्रमाने आणि त्याआधी कित्येक आठवडे तालमी, अशी पद्धत त्यांनी बसवली. १९९६चा ‘ला प्रोमेस’ असा झाला आणि तीन वर्षांनी ‘रोझेटा’. कॅरॅव्हॅनच्या वस्तीत दारुड्या आईबरोबर राहणारी, नोकरीसाठी जिवाचं रान करणारी मुलगी. वस्तीत शिरण्याआधी चांगले बूट झाडीतल्या एका पाइपात लपवते आणि गमबूट चढवते. वॅफलच्या गाडीवरचं काम मिळावं म्हणून एकुलत्या एका मित्राशी दगा करते.

१९९९च्या कानमध्ये सगळ्यांच्या नजरा स्पॅनिश दिग्दर्शक अल्मोदोवारवर होत्या. ‘रोझेटा’ स्पर्धेत अगदी शेवटी दाखवला गेला. डेव्हिड क्रोननबर्ग अध्यक्ष असलेल्या परीक्षक मंडळाने त्याला एकमताने पाम डोर, म्हणजे महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार दिला. सिनेमात याआधी कधीच न दिसलेल्या, १७ वर्षांच्या दकेनला अभिनेत्रीचा पुरस्कार विभागून मिळाला. पुढे २००२मध्ये ‘द सन’साठी ऑलिव्हिए गुर्मेला अभिनेत्याचा, २००५मध्ये ‘द चाइल्ड’ला दुसरा पाम डोर, २००८मध्ये पटकथेचा, २०११मध्ये ‘द किड विथ अ बाइक’ला ग्रां प्री (पाम डोरच्या खालोखालचा पुरस्कार), २०१९मध्ये दिग्दर्शनाचा, २०२२मध्ये महोत्सवाच्या ७५व्या वर्षाचा विशेष पुरस्कार आणि २०२५मध्ये ‘यंग मदर्स’ला पुन्हा पटकथेचा. सव्वीस वर्षांत एवढं सगळं, आणि जवळपास सगळे चित्रपट घरापासून काही किलोमीटरच्या आतले!

‘रोझेटा’नंतर बेल्जियमने ‘प्लान रोझेटा’ नावाचा तरुणांच्या रोजगाराचा कायदा केला. सिनेमाने कायदा घडवला. यापेक्षा मोठा पुरस्कार कुठला?

आधी गाव होतं, पुरस्कार मागाहून आला. मुंबईहूनही कमी लोकवस्तीचा, सव्वा कोटीहूनही कमी माणसांचा देश जगाच्या सिनेमात एवढा ठसठशीत दिसतो, तो या चिकाटीमुळे. माझ्या मित्राचं म्हणणं मला त्या माणसांवर अन्याय करणारं वाटतं.

अनवट

तुमच्या मित्राच्या बाजूने बोलतो, कारण त्याचं म्हणणं तुम्ही फार स्वस्तात निकालात काढलंत.

चिकाटीचंच बोलायचं तर शांताल आकेरमानला कानने काय दिलं? ब्रुसेल्सची मुलगी. २४ वर्षांची असताना तिचा ‘ज्यान डीलमान’ आला. २०१ मिनिटं एक विधवा बाई बटाटे सोलते, मुलाचे बूट पुसते, अंथरूण घालते, दुपारी गिऱ्हाईक घेते. १९७५मध्ये तो कानला दाखवला गेला, पण मुख्य स्पर्धेत नाही, ‘डायरेक्टर्स फोर्टनाइट’ या बाजूच्या विभागात. पारितोषिक शून्य. २०२२मध्ये ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाच्या दशवार्षिक मतदानात १,६००हून अधिक समीक्षकांनी त्याला सर्वकाळातला सर्वोत्तम चित्रपट ठरवलं. त्याआधी ही जागा फक्त तीन चित्रपटांना मिळाली होती: ‘बायसिकल थीव्ह्ज’, ‘सिटिझन केन’ आणि ‘व्हर्टिगो’. बाईने केलेला चित्रपट पहिल्या जागी येण्याची ही पहिलीच वेळ. आणि आकेरमान २०१५मध्येच गेली होती. सत्तेचाळीस वर्षं लागली. त्या सत्तेचाळीस वर्षांत किती पाम डोर वाटले गेले आणि त्यातले किती आज कोणाला आठवतात?

दुसरं, दार्देनांची पद्धत १९९९मध्ये नवी होती. आज जगातल्या कुठल्याही महोत्सवात जा, दहातल्या तीन चित्रपटांत कॅमेरा कुणाच्या तरी मानेमागे धावतोय, माणूस गरीब आहे, संगीत नाही, शेवट अचानक तुटतो. हा साचा कुणी तयार केला? पारितोषिकांनी. परीक्षकांनी एका पद्धतीला इतक्या वेळा गौरवलं की दुसऱ्या तऱ्हेने विचार करणाऱ्या तरुणाला पैसाच मिळेनासा झाला. दार्देन थोर आहेत, याबद्दल वाद नाही. त्यांच्यावर पुरस्कारांचा जो मारा झाला त्याने सिनेमाचं भलं झालं का, हा माझा प्रश्न आहे.

घेंटकर

बेल्जियमच्या घेंट शहरात राहून अकरा वर्षं झाली. दोघांनाही एक सांगायचंय. तुम्ही ‘बेल्जियमचा सिनेमा’ म्हणता, तसं इथे फारसं कोणी म्हणत नाही. इथे फ्लेमिश सिनेमा आहे, डच भाषेतला. आणि वालोनी-ब्रुसेल्सचा सिनेमा आहे, फ्रेंच भाषेतला. अनुदान देणाऱ्या संस्था वेगळ्या. वार्षिक पारितोषिकंसुद्धा वेगळी: फ्रेंचभाषकांची माग्रित, २०११पासून, आणि फ्लेमिशांची ओस्टेंडची एन्सर. दोन्ही चित्रकारांच्या नावाने, हा एक गोड योगायोग. माझ्या ऑफिसात दोन्हीकडचे लोक आहेत, एकमेकांचे नट ओळखत नाहीत. लिएजच्या सहकाऱ्याला मी फ्लेमिश अभिनेत्री वेर्ले बाटेन्सचं नाव सांगितलं तर त्याने फोनवर शोधलं.

म्हणून पायवाट, तुमची सेरँची गोष्ट खरी आहे, पण ती अर्ध्या देशाची आहे. उरलेल्या अर्ध्याची वेगळी. मिशाएल रोस्कामचा ‘रुन्ड्सकॉप’ (२०११) घ्या. गुरांना बेकायदा हार्मोन टोचणाऱ्या टोळ्यांची कथा. १९९५मध्ये इथे अशाच माफियाने गुरं तपासणाऱ्या एका सरकारी पशुवैद्याचा खून केला होता, त्या घटनेची सावली चित्रपटावर आहे. लिम्बुर्गची ठसकेबाज बोली, आणि मातियास स्खूनार्ट्स अंग फुगवून स्वतःच बैल झालेला. इथल्या लोकांनी तो थिएटरात जाऊन पाहिला, मग तो ऑस्करच्या अंतिम पाचांत गेला. फेलिक्स व्हान ग्रूनिंगनचा ‘द ब्रोकन सर्कल ब्रेकडाउन’ तसाच. घेंटच्या आसपासची जोडी, ब्लूग्रास हे अमेरिकन लोकसंगीत गाणारी, लेक कर्करोगाने जाते. आधी ते नाटक होतं. नाटक लिहिणाऱ्यांपैकी योहान हेल्डेनबर्ग चित्रपटात नायकही झाला. बाटेन्सला २०१३चा युरोपियन फिल्म पुरस्कार मिळाला, चित्रपटाला फ्रान्सचा सेझार परदेशी चित्रपट म्हणून, आणि ऑस्कर नामांकन. यात मानेमागचा कॅमेरा नाही, संगीत भरभरून आहे, लोक ढसाढसा रडले. तेव्हा अनवट, सगळ्यांना एकच साचा लावायला गेलात तर हे चित्रपट त्यात बसत नाहीत.

आणि पायवाट, एक दुरुस्ती. ‘प्लान रोझेटा’चा मसुदा चित्रपटाआधीच तयार होत होता. दार्देन बंधूंनी स्वतः हे मुलाखतीत सांगितलंय. पाम डोर मिळाला तेव्हा चर्चा तापलेलीच होती, सरकारने नाव उचललं. पन्नास किंवा जास्त कामगारांच्या कंपनीने ठरावीक प्रमाणात तरुण घ्यावेत असा तो नियम. नावामुळे लोकांच्या लक्षात राहिला हे खरं, पण सिनेमाने कायदा घडवला असं म्हणता येणार नाही.

पायवाट

घेंटकर, दुरुस्ती मान्य. ही गोष्ट मी गेली पंधरा वर्षं सगळ्यांना सांगत आलोय. आता थांबवतो. नावाने कायद्याला चेहरा दिला, एवढंच म्हणायला हवं होतं.

अनवट, आकेरमानबद्दल तुमचं दुःख माझंही आहे. पण परीक्षकांनी एकीला ओळखलं नाही म्हणून दुसऱ्याला ओळखलं तेही चूक, हे कसं? आणि १९९९मध्ये दार्देन काही कानचे लाडके नव्हते. मुख्य स्पर्धेत ते पहिल्यांदाच आले होते.

हिशेबनीस

तिघेही कलेबद्दल बोलताय, पैशाबद्दल कोणीच नाही. मी सनदी लेखापाल आहे, म्हणून तिथूनच बघतो.

२००३च्या सुमारास बेल्जियममध्ये ‘टॅक्स शेल्टर’ सुरू झाला. कंपनीने नफ्यातला काही भाग सिनेमात घातला तर त्यावर करसवलत. बिस्किटं करणारा कारखानदारही सिनेमात पैसे घालायला लागला. अट अशी की खर्चाचा मोठा भाग बेल्जियममध्ये व्हावा. परिणाम? फ्रान्स, लक्झेंबर्ग, हॉलंड, बाल्कन, बाल्टिक, सगळीकडचे निर्माते ब्रुसेल्सला धावले. आज युरोपियन चित्रपटाच्या नामावलीत बेल्जियमचं नाव नाही असं क्वचित घडतं. २०२५चा ॲनिमेशनचा ऑस्कर जिंकणारा ‘फ्लो’ लाटव्हियाचा म्हणून गाजला, पण त्यातही बेल्जियमचा वाटा आहे. २०२२च्या कानमध्ये बक्षीस मिळालेला ‘द एट माउंटन्स’ बघा: दिग्दर्शक व्हान ग्रूनिंगन आणि शार्लोट व्हान्डरमीर्श फ्लेमिश, पण कादंबरी इटालियन, भाषा इटालियन, डोंगर आल्प्सचे.

आता आपल्याला लागणारी गोष्ट. मार्च २००२. आशुतोष गोवारीकरांचा ‘लगान’ ऑस्करच्या अंतिम पाचांत. आपण सगळे पहाटे उठून टीव्हीसमोर बसलो होतो. जिंकला ‘नो मॅन्स लँड’, बोस्नियाच्या नावावर. त्याचा दिग्दर्शक दानिस तानोविच ब्रुसेल्सला येऊन तिथल्या इन्सास या चित्रपटशाळेत शिकला, आणि चित्रपटाच्या निर्मात्यांत बेल्जियमच्या मारियों हान्सेल होत्या. म्हणजे ज्या रात्री आपण हरलो त्या रात्री बेल्जियमच्या नावावर काहीच लागलं नाही, पण माणूस तिथेच घडला होता आणि पैशातही त्यांचा हात होता. स्वतःच्या नावाने बेल्जियमला परभाषा विभागात आठ नामांकनं आहेत आणि ऑस्कर एकही नाही. त्या आठांत दार्देन बंधूंचा एकही चित्रपट नाही, हेही नोंदवून ठेवा.

त्यामुळे ही गावाची पुण्याई वगैरे बाजूला ठेवा. व्यवस्था नीट लावली की फळ येतं.

पायवाट

हिशेबनीस, तुमच्याच तारखा तुमच्याविरुद्ध जातात. टॅक्स शेल्टर २००३चा. ‘रोझेटा’ १९९९चा, ‘द सन’ २००२चा. जाको व्हान डॉर्मेलच्या ‘टोटो द हिरो’ला पहिल्या चित्रपटाचा कॅमेरा डोर १९९१मध्ये. राऊल सर्व्हेच्या ‘हार्पिया’ला लघुपटाचा पाम डोर १९७९मध्ये. निकोल व्हान गोएथेमला ॲनिमेटेड लघुपटाचा ऑस्कर १९८७मध्ये. हे सगळं करसवलतीच्या आधी.

हिशेबनीस

बरोबर, पण सरकारी अनुदान साठच्या दशकापासून होतं. आकेरमानचा ‘ज्यान डीलमान’ही सांस्कृतिक खात्याच्या पैशावरच उभा राहिला. निर्मात्याची मर्जी सांभाळावी लागली असती तर २४ वर्षांच्या मुलीला सव्वातीन तासांहून मोठा चित्रपट कोणी करू दिला असता? टॅक्स शेल्टरवर मी जास्त भार टाकला, ते मागे घेतो. सार्वजनिक पैसा हा मुद्दा मागे घेत नाही.

तिसरी घंटा

मी रंगमंचावर काम करते, म्हणून नटांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. दिग्दर्शक आणि पैसा यांत तुम्ही नटांना विसरलात.

‘द सन’मध्ये गुर्मे सुतारकाम शिकवणारा मास्तर आहे. त्याच्या मुलाचा खून करणारा पोरगा सुधारगृहातून सुटून त्याच्याकडेच काम शिकायला येतो. पोराला हे माहीत नाही, मास्तरला आहे. चित्रपटभर कॅमेरा गुर्मेच्या मानेवर, पाठीवर, कमरेच्या पट्ट्यावर. चेहरा कितीतरी वेळा दिसतच नाही. आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात की प्रेक्षकाला पाठ दाखवू नकोस. हा माणूस पाठीने अभिनय करून कानचा पुरस्कार घेऊन गेला. पहिल्यांदा पाहिल्यावर मी दोन दिवस तालमीत स्वतःच्या खांद्यांकडे लक्ष देत होते. शिडी उचलताना, फळी तोलताना शरीर खोटं बोलत नाही, हे मला त्या पाठीने शिकवलं.

आणि पास्कल दुकेन! १९९६, ‘द एथ डे’. डाऊन सिंड्रोम असलेला हा नट ब्रुसेल्सच्या रंगभूमीवरून आला. कानच्या परीक्षकांनी अभिनेत्याचा पुरस्कार त्याला आणि दानिएल ओतेईला एकत्र दिला. ओतेई फ्रान्सचा मोठा तारा. दोघं एकत्र मंचावर गेले. अनवट, तुम्ही विचारता पुरस्कारांनी काय भलं केलं. ज्याला जग नट मानायलाच तयार नसतं, त्याला एका संध्याकाळी जगातल्या सर्वोत्तम नटांत बसवलं. हे दुसरं कोण करू शकलं असतं?

उलट बाजूचंही सांगते. हे नट पुढे फ्रान्सचे होतात. २०२३च्या सेझारमध्ये अभिनेत्री विर्जिनी एफिरा, साहाय्यक अभिनेता बूली लानर्स. एक ब्रुसेल्सची, एक लिएजकडचा. योलांद मोरोला अभिनेत्रीचा सेझार दोनदा. खुद्द दकेनला २०२१मध्ये साहाय्यक अभिनेत्रीचा. पॅरिसच्या वर्तमानपत्रांत यांचा उल्लेख ‘आमची’ असाच होतो. आन्येस वार्दा ब्रुसेल्सच्या इक्सेलमध्ये जन्मली, ऑड्री हेपबर्नही तिथेच. एक फ्रेंच ठरली, एक ब्रिटिश. छोट्या देशाच्या नटाला पुरस्कार मिळाला की तो देशाचा राहत नाही, याचं मला वाईट वाटतं.

घेंटकर

तिसरी घंटा, वाईट वाटून घेऊ नका. लानर्स अजून लिएजकडेच राहून चित्रपट काढतो. आणि स्खूनार्ट्स हॉलिवूडला जाऊनही अँटवर्पचा राहिला.

शेवंती

आकेरमानबद्दल पायवाट आणि अनवट, दोघांशीही माझं पटत नाही. अनवट, तुम्ही तिचं नाव दार्देनांना मारायची काठी म्हणून वापरताय. ती तेवढ्यापुरती नाही.

आकेरमानची आई नाझींच्या ऑश्विट्झ छळछावणीतून जिवंत परतली होती आणि त्याबद्दल घरात बोलत नसे. ‘ज्यान डीलमान’ पाहताना मला माझी आजी आठवते. सकाळी सहाला चूल, मग पाणी, मग भाकरी, मग भांडी, आणि रोज त्याच क्रमाने. क्रम एका दिवशी चुकला की ती दिवसभर अस्वस्थ असे, का ते आम्हाला कळत नसे. चित्रपटात दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात आणि बाई पातेलं हातात घेऊन घरभर फिरते, कुठे टाकू, कुठे ठेवू. तेवढ्या एका प्रसंगात पुढचं सगळं आहे. या चित्रपटाच्या तंत्रज्ञांत जवळपास सगळ्या बायका होत्या, छायाचित्रण बाबेत मांगोल्तचं. कॅमेरा उंचीने बुटक्या आकेरमानच्या नजरेच्या पातळीवर ठेवलेला, आणि तो हलत नाही.

हा चित्रपट सत्तेचाळीस वर्षं जिवंत ठेवला कोणी? फिल्म सोसायट्यांनी, विद्यापीठांतल्या शिक्षिकांनी, ग्रंथालयांनी. त्या काळात त्याला पाम डोर मिळाला असता तर आनंदच होता, पण मिळाला नाही म्हणून तो मेलाही नाही. पुरस्कार म्हणजे सर्वस्व असं पायवाट मानतात, पुरस्कार म्हणजे विष असं अनवट. मला दोन्ही अतिरेक वाटतात.

काळीमाती

सगळ्यांचं वाचलं. एक गोष्ट कोणीच काढली नाही: काँगो.

बेल्जियमने पंचाहत्तर वर्षं काँगोवर राज्य केलं, त्यातली पहिली तेवीस वर्षं तर तो मुलूख राजा लिओपोल्ड दुसऱ्याची खासगी मालमत्ता होता. रबरासाठी माणसांचे हात तोडले. १९६१मध्ये काँगोचे पदच्युत पंतप्रधान पात्रिस लुमुम्बांचा खून झाला, त्यात बेल्जियन अधिकाऱ्यांचा हात होता. देहाचा उरलेला एक दात कुटुंबाला परत मिळाला तो २०२२मध्ये. आणि या सगळ्या काळात ज्या सिनेमाला तुम्ही डोक्यावर घेता, त्याने घरच्या गरिबांबद्दल बोलून जगाची शाबासकी मिळवली. ज्यांच्या तांब्यावर, रबरावर तो देश श्रीमंत झाला त्यांच्याबद्दल किती बोलला?

आता कुठे चित्र बदलतंय. काँगोतल्या लुबुम्बाशीत जन्मलेल्या बालोजीचा ‘ओमेन’ २०२३मध्ये कानच्या ‘अँ सर्तें रगार’ विभागात गौरवला गेला. योहान ग्रिमोनप्रेचा ‘साउंडट्रॅक टू अ कू देता’ लुमुम्बांच्या खुनाची आणि त्याच वेळी आफ्रिकेत पाठवल्या गेलेल्या अमेरिकन जॅझ वादकांची कथा एकत्र सांगतो. २०२४मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात विशेष पुरस्कार, २०२५मध्ये माहितीपटाचं ऑस्कर नामांकन. अडीच तास मी खुर्चीच्या कडेला बसून पाहिला. माझ्या मते गेल्या दहा वर्षांतला सर्वांत महत्त्वाचा बेल्जियन चित्रपट हा, आणि तो सेरँमध्ये घडत नाही.

पायवाट

काळीमाती, याला माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच म्हणतो की ‘ला प्रोमेस’मध्ये बांधकामाच्या परांचीवरून पडून मरणारा बेकायदा मजूर बुर्किना फासोचा आहे, आणि त्याच्या बायकोला सत्य सांगायचं की नाही यावरच सगळा चित्रपट उभा आहे. ‘टोरी अँड लोकिता’तली भावंडं म्हणवणारी दोन मुलंही आफ्रिकेतून आलेली. दार्देनांना दिसत नव्हतं असं नाही. पण ती माणसं बेल्जियममध्ये आल्यावरची गोष्ट आहे, बेल्जियम त्यांच्याकडे गेला तेव्हाची नाही. हा फरक तुम्ही दाखवलात. ‘साउंडट्रॅक’ मी पाहिलेला नाही, या आठवड्यात बघतो.

शेवंती, पुरस्कार म्हणजे सर्वस्व असं मी मानत नाही. २०२२च्या कानमध्ये एकाच वर्षी तीन बेल्जियन चित्रपटांना बक्षीस मिळालं: लुकास डोंटच्या ‘क्लोज’ला ग्रां प्री, ‘एट माउंटन्स’ला ज्युरी पुरस्कार, दार्देनांना विशेष. पहिले दोन विभागून. मला त्यात आनंद कशाचा झाला? ‘क्लोज’मधली दोन तेरा वर्षांची मुलं आज सोलापूरच्या माझ्या भाच्यालाही माहीत आहेत. शाळेत कोणी तरी त्यांच्या मैत्रीला नाव ठेवतं, एक जण दूर सरतो, आणि मग काय होतं ते त्या पोराने पाहिलं. बक्षीस नसतं तर डच आणि फ्रेंच मिसळून बोलणारा हा चित्रपट इथवर आलाच नसता. आपलंही तसंच. ‘कोर्ट’ला २०१४मध्ये व्हेनिसला बक्षीस मिळालं नसतं, ‘साबर बोंडं’ला २०२५मध्ये सनडान्सचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला नसता, तर किती मराठी माणसांनी ते पाहिले असते? वाट उघडते, एवढंच माझं म्हणणं.

अनवट

शेवंती, काठीबद्दलचं तुमचं म्हणणं खरं आहे. आकेरमानचं नाव घेऊन मी भांडण जिंकायला निघालो होतो.

पायवाट, वाट उघडते हे कबूल. पण डोंटचंच घ्या. २०१८च्या त्याच्या ‘गर्ल’ला कॅमेरा डोर मिळाला, नायिकेची भूमिका करणाऱ्या मुलाला अभिनयाचं बक्षीस. त्यानंतर ट्रान्स लेखक-समीक्षकांनी तक्रार केली की कॅमेरा त्या मुलीच्या शरीरावरच खिळून राहतो, तिच्या मनात शिरत नाही. ज्या खऱ्या नर्तिकेच्या आयुष्यावरून कथा सुचली तिने मात्र चित्रपटाची बाजू घेतली. वाद दोन्हीकडून प्रामाणिक होता. पण बक्षिसांच्या झगमगाटात तक्रार करणाऱ्यांचा आवाज किती लोकांपर्यंत पोचला? बक्षीस वाट उघडतं आणि त्याच वेळी वाद बंदही करतं. या मुद्द्यावरून मी हलणार नाही.

तिसरी घंटा

अनवट, हला किंवा हलू नका, पण ‘द सन’ पाहिलाय का तुम्ही? तुमच्या लिहिण्यावरून वाटत नाही.

अनवट

नव्हता पाहिला. काल रात्री पाहिला, म्हणून दोन दिवसांनी लिहितोय.

मास्तरला नुसत्या नजरेने अंतर सांगता येतं. पोरगा विचारतो, इथून तिथपर्यंत किती? मास्तर सांगतो. पोरगा घडीची पट्टी उलगडतो, मोजतो, आकडा बरोबर निघतो. पोराच्या चेहऱ्यावर कौतुक. त्याला माहीत नाही की आपण कोणासमोर उभे आहोत. तिथे मी चित्रपट थांबवला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. मग परत येऊन उरलेला पाहिला.

साच्याबद्दलचं माझं मत तेच आहे. हा चित्रपट त्या यादीतून काढतो.